गुरुवारच्या आभाळातली देवयानी

दिवाळीचे कंदील उतरवून ठेवले की रावेतच्या हवेत एक बदल होतो. सकाळी पहिल्या शिफ्टच्या बसची वाट बघत उभं राहावं, तर पवनेच्या बाजूनं गार वारा येतो आणि ओढणी कानांवरून घ्यावी लागते. ऑक्टोबरची तलखी संपलेली असते. धूळ असते, ती आमच्याकडे बाराही महिने असते, पण थंडीत ती जरा खाली बसते आणि समोरच्या टॉवरचे वरचे मजले स्वच्छ दिसू लागतात. परवा असाच वारा सुटला होता. बस आली, मी पायरीवर पाय ठेवला आणि मला राळेचा वास आला. तापवलेल्या राळेचा, धुपासारखा, पण जरा करपट. मी मागे वळून पाहिलं. मागे नेहमीच्याच बायका होत्या, एकीच्या पिशवीतून मेथीच्या पराठ्यांचा वास येत होता. राळ कुठेच नव्हती. ती माझ्या डोक्यात होती आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या एका थंडीतून आली होती.

चाकण येईपर्यंत मी मग त्या थंडीतच बसून होते. शेजारच्या बाईनं दोनदा काहीतरी विचारलं, मी दोन्ही वेळा ‘हो’ म्हटलं.

ती थंडी म्हटली की आधी आवाज आठवतो. काचेवर काच घासल्याचा. घर्रर्र, घर्रर्र, मध्ये पाण्याचा शिपका, पुन्हा घर्रर्र. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत पाण्यानं भरलेलं एक निळं पिंप, पिंपावर फळी, फळीवर काचेची जाड तबकडी, आणि पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत फिरणारे माझे बाबा. डोक्याला मफलर, अंगात कंपनीनं कधीकाळी दिलेला स्वेटर, आणि चेहऱ्यावर असा भाव की या क्षणी त्यांना राष्ट्रपतींनी बोलावलं तरी ते ‘थांबा, एवढा फेरा होऊ दे’ म्हणाले असते.

बाबांनी जन्मभर चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये डाय पॉलिश केल्या. प्लॅस्टिकच्या बादल्या, डबे, गाड्यांचे दिवे ज्या पोलादी साच्यांतून निघतात ते साचे आतून आरशासारखे घासायचे, हे त्यांचं काम. साच्यात स्वतःच्या भुवईचा केस न् केस दिसला पाहिजे, मगच तो पास. लहानपणी मला वाटायचं, बाबांना पगार आरशात बघण्याचा मिळतो. आई गेल्यावर ते चिखलीच्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. त्या पावसाळ्यात त्यांना डेंगी झाला आणि ते तापात पडून राहिले, कुणाला कळलंही नाही. माझा नवरा प्रशांत त्यांना तसंच उचलून आधी दवाखान्यात आणि मग रावेतला आमच्या घरी घेऊन आला. बाबांना शुद्ध असती तर ते आलेच नसते.

कारण आमच्या घरात माई होत्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर मावळातलं, सासर चिंचवड गावठाणातलं, दोन्ही घराणी जुनी. आम्ही बौद्ध. माझं आणि प्रशांतचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. त्यानंतर आई-बाबा पेढ्यांचा बॉक्स घेऊन गावठाणातल्या त्यांच्या घरी गेले होते. स्टँडवर स्टीलचे पेले चकचकत होते. आई-बाबांना पाणी आलं ते मात्र कागदाच्या पेल्यांतून, शेजारच्या मुलीच्या हातून. बाबांनी पेला हातात घेतला, तसाच खाली ठेवला, ‘जयभीम’ म्हणाले आणि उठले. पेढे उंबऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर राहिले.

पुढे माई बदलल्या, हेही सांगायला हवं. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला बिछान्यावरून हलू दिलं नाही. माझ्या मुलीला, मुक्ताला, त्यांनी वाढवलं. माझ्या ताटातलं उरलेलं त्या निःसंकोच खातात. पाणी तेवढं त्या अजूनही वरून पितात, पेला ओठांना न लावता, मान मागे टाकून. ती जुन्या घरातली सवय. पण बाबांशी त्या कधी बोलल्या नाहीत आणि बाबांनी त्या घरची पायरी पुन्हा चढली नाही. आईच्या अंत्यविधीला माई आल्या होत्या, पण घरासमोरच्या मैदानातूनच परत गेल्या. असं करता करता वीसएक वर्षं गेली.

आणि आता बाबा आमच्या मधल्या खोलीत होते. ताप उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर कोपऱ्यावरच्या खाणावळीत जाऊन डबा लावला. दुसरी म्हणजे खाली पाण्याच्या दुकानात सांगून स्वतःसाठी जार सुरू केला. घरात फिल्टर चालू, आणि बाबांच्या खोलीत वीस लिटरचा निळा जार. जारवाला एक दिवसाआड सकाळी बेल वाजवायचा, माई दार उघडायच्या, तो खांद्यावरचा जार सांभाळत आत जायचा आणि माई भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या. बाबा कुणाला काही बोलत नव्हते. मला एकदाच म्हणाले, “संक्रांत झाली की मी चिखलीला जाणार, सुजा. तोवर ताकद येईल अंगात.” ताकद येणार नव्हती, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. एकटं ठेवू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. मी बाबांना रागावून पाहिलं, रडून पाहिलं. त्यांचा डबा दाराशी येतच राहिला.

अशा घरात मुक्तानं दीर्घिका आणल्या.

ती तेव्हा फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. आकाश बघणाऱ्या मुलामुलींच्या एका ग्रुपमध्ये ती जायची आणि तिथले लोक स्वतःच्या दुर्बिणी स्वतः बनवायचे. एक दिवस ती काचेच्या दोन जाड तबकड्या आणि घासायची पावडर घेऊन घरी आली. म्हणाली, “आजोबा, याचा आरसा करायचाय. देवयानी बघायची आहे.” देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची मोठी दीर्घिका, असंख्य ताऱ्यांचा समूह. कार्तिक-मार्गशीर्षात दिवेलागणीनंतर ती डोक्यावर असते.

बाबांनी काच बोटांनी वाजवून पाहिली आणि बाजूला ठेवली. “आरसाच ना? मग काच कशाला? काच फुटते. मी बघतो.”

पुढे जे झालं ते फक्त आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातच होऊ शकतं. बाबांनी जुन्या वर्कशॉपमधून पोलादाचा एक गोल तुकडा आणला, कुणाकडून तरी लेथवर त्याला खोलगट करून घेतलं, आणि डायमंड पेस्ट लावून तो असा पॉलिश केला की बघत राहावं. माईंनी तो येता-जाता पाहिला आणि त्यात बघून हळूच अंबाडा सारखा केला. प्रशांत म्हणाला, “राव, हा शोरूममध्ये ठेवायला पाहिजे.” मुक्तानं तो नळीत बसवला आणि चंद्राकडे लावला. चंद्र दिसला तो पाण्यात पडलेल्या बिस्किटासारखा. तारे तर ताऱ्यांसारखे दिसेचनात. नुसते फराटे.

चकाकी आणि आकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डायच्या पोटात तोंड दिसलं की काम झालं, कारण त्यातून शेवटी बादलीच निघायची असते. दुर्बिणीच्या आरशाला मात्र प्रकाशाच्या लाटेपेक्षाही बारीक हिशेबात गोलाई लागते, आणि पोलाद दुपारच्या उन्हानं फुगतं, संध्याकाळी आखडतं. मुक्तानं हे फार हळुवारपणे सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी तो चकचकीत तुकडा फडक्यात गुंडाळला आणि पलंगाखाली सरकवला. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत गेला. दोन दिवसांनी मात्र ते सकाळी बाल्कनीत पिंप भरताना दिसले.

काच घासण्याची रीत मला अजून अद्भुत वाटते. मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, मोजते, त्यामुळे मला सहसा कुठल्या मापाचं कौतुक वाटत नाही. पण इथे मापच नव्हतं. दोन सपाट तबकड्या, एकीवर एक. मध्ये पाणी आणि पावडर. वरची पुढेमागे सरकवायची, जराशी फिरवायची, आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल पुढे जायचं. बस. काही दिवसांनी वरची खोलगट होते, खालची तितकीच फुगीर होते, आणि दोघी एकमेकींत अशा बसतात की मध्ये केसभरही पोकळी राहत नाही. गोलाई कुणी घातलेली नसते. ती घासून घासून आपोआप येते, कारण सगळ्या बाजूंनी एकमेकींत बसणारा दुसरा आकारच नाही. बाबांनी हे ऐकलं आणि मशीनवर प्रेम करणारा तो माणूस चक्क हातानं काम करायला लागला.

मुक्ता संध्याकाळी कॉलेजातून यायची, बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसायची आणि आजोबांना जगाची सुरुवात सांगायची. आत हॉलमध्ये माई टीव्ही लावून बसलेल्या असायच्या. मला मुक्ताचं ते बोलणं अजून पाठ आहे.

“सुरुवातीला सगळीकडे सारखंच होतं, आजोबा. सगळीकडे पसरलेला गरम वायू. कुठे अगदी किंचित जास्त, कुठे किंचित कमी.”

“किंचित म्हणजे किती?” बाबांनी घासता घासता विचारलं. आमच्याकडे टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, विचारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

“एक लाखात एक भाग.”

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. माझे हात थांबले. एक लाखात एक म्हणजे मीटरभर लांबीच्या जॉबमध्ये दहा मायक्रॉन. एवढा फरक मी डोळे झाकून पास करते. तेवढ्या फरकातून सगळं झालं. जिथे थोडं जास्त होतं तिथे ओढ थोडी जास्त, म्हणून तिथे अजून गोळा झालं, म्हणून ओढ अजून वाढली. आधी गोळा झालं ते दिसतच नव्हतं. मुक्ता म्हणाली, त्याला वजन आहे पण प्रकाश नाही, आणि ते नक्की काय आहे हे अजून कुणालाच माहीत नाही. त्याच्या ओढीनं वायू आत आला. तो थंड झाला, दबला, आणि मग पहिले तारे पेटले. आधी लहान लहान दीर्घिका झाल्या. त्या एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या.

“म्हंजे आपलं चिखलीच की,” बाबा म्हणाले. “पहिलं एक वर्कशॉप आलं. मग त्याच्यासमोर चहाची टपरी. मग खोल्या, मग किराणा, मग दुसरं वर्कशॉप. कुणी नकाशा काढला होता का? जिथं चार मानसं, तिथं अजून चार.”

“थंड कामून व्हावं लागतं?” हा प्रश्न त्यांनी नंतर विचारला.

“गरम असलं की वायू दबत नाही, आजोबा. पसरतच राहतो. थंड झाल्याशिवाय काही घडतच नाही.”

बाबांनी काचेवर पाण्याचा शिपका मारला. हॉलमधला टीव्हीचा आवाज बारीक झाल्याचं मला जाणवलं. मालिका ऐन रंगात होती, आणि माई मालिकेत आवाज बारीक करणाऱ्यांतल्या नव्हेत.

दुसऱ्या दिवशी माईंनी स्वतःच, बाल्कनीकडे न बघता, आतूनच विचारलं, “मुक्ते, मंग त्या येकमेकीत शिरत्यात तवा तारं आदळत न्हाईत व्हय?”

मुक्ता उठून दोघांच्या मध्ये, दारात उभी राहिली. “नाही आदळत, माई. सूर्य वाटाण्याएवढा धरला ना, आणि तो वाटाणा आपल्या चिंचवडला ठेवला, तर शेजारचा वाटाणा थेट नाशिकला. इतकं अंतर. दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार जातात, तारे आपले बाजूनं निघून जातात. आदळतो तो मधला वायू. तो दाबला जातो, आणि त्यातनं एकदम ढीगभर नवे तारे पेटतात.”

“मंग बरं हाय,” माई म्हणाल्या आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी त्या रात्री पोळ्या करताना एकटीच हसत होते. आमच्या घरात तरी दुसरं काय होतं? दोन माणसं कधी एकमेकांना लागलीच नव्हती. एक चिंचवडला, एक नाशिकला, आणि मधली हवा नुसती दाटलेली.

बाबांनी अजून एक विचारलं होतं, ते मला तेव्हा फार लागलं. “वायू संपला की?”

“संपला की नवे तारे होत नाहीत. जुने असतात ते तांबूस होत होत जळत राहतात. अशा खूप दीर्घिका आहेत. लाल आणि शांत.”

“रिटायर,” बाबा म्हणाले, आणि फेरा पुढे चालू केला.

आरसा घासून झाला की तो चकचकीत करायला राळेचं पॉलिशर लागतं. राळ वितळवायची, त्यात थोडं मेण घालायचं आणि तबकडीवर ओतायची. ती फार कडक झाली तर काचेला ओरखडे जातात, फार मऊ राहिली तर आकार बिघडतो. बाबा बाल्कनीत विजेच्या शेगडीवर पत्र्याच्या डब्यात राळ तापवत होते. गॅस स्वयंपाकघरात होता, आणि स्वयंपाकघरात ते पाऊल ठेवत नव्हते. शेगडी एकतर भडकायची नाहीतर थंड पडायची. एकदा राळ करपली, एकदा काचेसारखी तडकली, एकदा नुसतीच चिकट राहिली. घरभर वास. माई तीळ निवडत होत्या. चौथ्या खेपेला पुन्हा करपलेला वास आला तेव्हा त्या उठल्या, बाल्कनीत गेल्या, फडक्यानं डबा उचलला आणि काही न बोलता स्वयंपाकघरात आल्या. स्वतःच्या तिळगुळाच्या कढईत, हो, त्याच कढईत, त्यांनी राळ ओतली. गॅस अगदी बारीक केला. वाटीत गार पाणी घेतलं, त्यात एक थेंब टाकला, बोटांत दाबला, नख रोवून बघितलं. पुन्हा थोडं मेण. पुन्हा थेंब.

“पाकच तर करायचा,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग मुक्ताला हाक मारली. “दे त्येंना. नख रुतंल, पर तडकायचं न्हाई. इचार, असंच पायजे का.”

बाबांनी नख रोवलं. बराच वेळ ते त्या खुणेकडे बघत राहिले. “असंच,” ते मुक्ताला म्हणाले. “सांग त्यांना, असंच.”

त्या वर्षी माईंनी तिळगुळासाठी नवी कढई आणली. जुनी अजूनही बाल्कनीत आहे, तळाला काळी राळ धरून.

आरसा झाला, त्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा थर चढवून आणला, नळी उभी राहिली. आणि रावेतहून देवयानी दिसेना. एक्सप्रेसवेचे दिवे, टॉवरचे दिवे, होर्डिंगचे दिवे; आभाळ सगळं दुधात पाणी घातल्यासारखं. मुक्ता रडकुंडीला आली. संक्रांत दोन-चार दिवसांवर होती. बाबा म्हणाले, “गुरुवारी माझ्या घरी चला. वरती स्लॅबवर.”

बाहेरच्या पाहुण्यांना आमचा गुरुवार समजावून सांगावा लागतो. आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. रविवारी सगळ्या जगाची लग्नं असतात तेव्हा आम्ही शिफ्टला, आणि गुरुवारी आम्ही केस धुऊन मोकळे बसतो तेव्हा जग कामावर. त्या दिवशी वर्कशॉपं बंद असतात. कॉम्प्रेसर बंद, प्रेस बंद, शेडवरचे मोठे दिवे बंद. इतर सहा दिवस ज्या गल्लीत शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिथे गुरुवारी कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येते.

बाबा आणि मुक्ता दुपारीच पुढे जाऊन, दुर्बीण ठेवून, झाडलोट करून, पाणी भरून परत आले. संध्याकाळी निघायच्या वेळी बाबांनी आपली बॅग आणून गाडीच्या डिकीत ठेवली. “आता चाललोच आहे तिकडं तर ऱ्हातो तिथंच,” ते म्हणाले. “संक्रांत काय, आली आणि गेली.” मी प्रशांतकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात माई लिफ्टमधून बाहेर आल्या. ठेवणीतलं लुगडं, खांद्यावर शाल, हातात तिळगुळाचा डबा. “म्या बी येते,” त्या म्हणाल्या.

प्रशांत गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

चिखलीच्या त्या लोखंडी जिन्यावरून माई कशा चढल्या ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. एकेक पायरी, कठड्याला घट्ट धरून, मागून मी. वर आभाळ काळंभोर होतं. काळंभोर म्हणजे आमच्या मानानं; पण शर्मिष्ठा तारकासमूहाचे पाचही तारे दिसत होते आणि खाली नदीच्या बाजूला अंधार होता. मुक्तानं दुर्बीण लावली, इकडे तिकडे सरकवली, आणि एकदम श्वास आत ओढला. “आजोबा, आधी तुम्ही.”

बाबा वाकले. खूप वेळ बघत राहिले.

“धूर दिसतोय,” ते म्हणाले.

“तीच ती. लाखभर कोटी तारे आहेत त्यात. हा प्रकाश निघाला तेव्हा माणूस नव्हता, आजोबा. पंचवीस लाख वर्षं झाली निघून. आणि ती आपल्याकडे येतेय.”

“धडकणार?”

“पूर्वी म्हणायचे, नक्की मिसळणार. आता म्हणतात, कदाचित मिसळतील, कदाचित बाजूनं निघून जातील. अजून शेकडो कोटी वर्षं आहेत. ठरलेलं नाही.”

बाबा पुन्हा नळीला डोळा लावून हसले. “हा जॉब अजून मशीनवरच हाय,” ते म्हणाले. ते त्यांच्या तोंडचं सगळ्यात मोठं कौतुक होतं. पूर्ण झालेल्या वस्तूकडे बाबांनी कधी प्रेमानं पाहिलेलं नाही. काम चालू असलेल्या वस्तूकडेच पाहिलंय. मीही पाहिलं. राखाडी, फिकट, बोटानं पुसावा असा एक डाग. इतक्या वर्षांत मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. सुरुवातीच्या त्या दहा मायक्रॉनपासून तो डाग इथवर आला होता, किती लहानग्या दीर्घिका पोटात घेऊन, आणि आम्हाला दिसत होता तो काचेवर काच घासून केलेल्या आरशात.

“माई, आता तुम्ही या,” मुक्ता म्हणाली.

माई उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून धापा टाकत होत्या. “मला आदी पानी पायजे,” त्या म्हणाल्या.

“गाडीत बाटली आहे, आई. आणतो,” प्रशांत जिन्याकडे वळला.

“तुज्या गाडीतलं नगं.” माईंनी मान वर केली आणि त्या थेट बाबांकडे बघून बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “दादा, तुमच्या घरातलं पानी द्या.”

मग बाबा जिना उतरून खाली गेले. त्यांना वेळ लागला. खाली माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, फडक्यानं काहीतरी पुसल्याचा आवाज आला. ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता, काठोकाठ भरलेला. आईचा पेला. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव कोरून घेतात तसं तिचं नाव त्यावर कोरलेलं आहे. माईंनी पेला घेतला, मुक्ताच्या मोबाइलच्या उजेडात फिरवला आणि अक्षर अक्षर लावत वाचलं. “सुमन.”

त्यांनी नावावरून अंगठा फिरवला. “ह्यांना बी म्या कागदाच्या पेल्यात पानी पाठवलंतं,” त्या म्हणाल्या. “माजं चुकलं, दादा. लई चुकलं. त्या हुत्या तवाच सांगायला पायजे हुतं. न्हाई सांगितलं.”

आणि त्यांनी पेला ओठांना लावला. वरून नाही. ओठांना लावून, घोट घोट करत, सगळं पाणी प्यायल्या. मी त्यांना असं पाणी पिताना कधी पाहिलं नव्हतं, प्रशांतनंही नाही. मला रडू आवरेना. आई तिथे असायला हवी होती, हे एकच मनात येत होतं.

“गार हाय पाणी,” बाबा म्हणाले. “सावकाश प्या, विहीणबाई.” मग रिकामा पेला त्यांनी हात पुढे करून परत घेतला.

माईंनी देवयानी पाहिली. “येवढुशी?” म्हणाल्या. “आन् येवढी समदी येका जागी ऱ्हात्यात?”

“राहतात,” मुक्ता म्हणाली.

खाली उतरल्यावर दुर्बीण आत ठेवून बाबांनी घराला कुलूप लावलं. डिकी कुणी उघडली नाही, बॅगेचं नाव कुणी काढलं नाही. आईचा पेला मात्र त्यांनी रुमालात गुंडाळून स्वेटरच्या आत धरला होता. रावेतला पोहोचेपर्यंत पुढच्या सीटवर ते आणि मागे माई, दोघांनाही झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. जारवाला होता. माई देवापाशी बसल्या होत्या, मी शिफ्टची तयारी करत होते, म्हणून दार बाबांनी उघडलं. पोरगा खांद्यावरचा जार सांभाळत आत यायला लागला तसा बाबांनी त्याला हातानं अडवला.

“आजपासून नको, भावा,” ते म्हणाले. “घरात पाणी हाय.”